गुणाकार जुळला, पण अवयव संपले का?

‘३य⁵ − ४८य या राशीचे पूर्ण अवयव पाडा’ असा प्रश्न नववीच्या वर्गात घातला तर उत्तरं बहुधा तीन तऱ्हेची येतात. कुणी ३य सामाईक काढतो आणि ३य(य⁴ − १६) लिहून वही मिटतो. कुणाला कंसात दोन वर्गांची वजाबाकी दिसते आणि तो ३य(य² + ४)(य² − ४) इथवर पोचतो. आणखी कुणी य² − ४ मध्ये पुन्हा तेच सूत्र ओळखून ३य(य² + ४)(य + २)(य − २) लिहितो. पूर्ण गुण या शेवटच्याला मिळतात.

पण तिन्ही उत्तरं खरी आहेत. कोणतंही उत्तर गुणून पाहा, ३य⁵ − ४८य हीच राशी परत येईल. गणितात ताळा पटला की काम झालं, अशी आपल्याला पहिलीपासून सवय असते. भागाकाराचा ताळा गुणाकाराने, समीकरणाचा ताळा किंमत घालून. अवयवांचा ताळाही गुणाकारानेच होतो, पण तो निम्माच आधार देतो. उत्तर चुकलेलं नाही एवढं त्यातून कळतं. काम संपलं आहे की अजून फोडण्यासारखं काही शिल्लक आहे, याबद्दल तो एक अक्षर सांगत नाही. मग तिसऱ्या विद्यार्थ्याने य² + ४ पाशी हात थांबवला तो कशाच्या बळावर? य² − ४ फुटतो आणि य² + ४ फुटत नाही, हे त्याला कुणी सांगितलं? ‘पूर्ण’ हा शब्द प्रश्नात सहज लिहिला जातो, पण सगळी अवघड गोष्ट त्या एका शब्दात भरलेली आहे, आणि तिच्याकडे शाळेत फार कमी लक्ष दिलं जातं. बीजगणिताच्या इतिहासातली काही मोठी माणसंही या शब्दापाशी चुकली आहेत.

आधी हे करायचंच कशासाठी, ते थोडक्यात. ६० ही संख्या २ × २ × ३ × ५ अशी लिहिली की तिच्याबद्दल पुष्कळ काही एका दृष्टीत कळतं: तिला कोण कोण भागतं, ती कुणाशी कशी छेदेल. बहुपदीचंही तसंच आहे. शिवाय बहुपदीत आणखी एक लाभ असतो. गुणाकार शून्य आला तर गुणल्या गेलेल्या राशींपैकी एक तरी शून्य असलीच पाहिजे. त्यामुळे पाचव्या कोटीचं समीकरण पहिल्या-दुसऱ्या कोटीच्या तुकड्यांत पडलं की ते दहावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात येतं. वरच्या राशीचं समीकरण मांडा. य = ०, य = २, य = −२ ही उत्तरं अवयवांकडे नुसतं पाहून वाचता येतात.

आठवीत बैजिक राशींचे अवयव आणि नववीत बहुपदी शिकलेल्या मुलांना पद्धती ठाऊक असतात: सामाईक अवयव काढणे, मधल्या पदाची फोड करणे, चार पदं असतील तर दोन-दोनचे गट पाडणे, वर्गांची आणि घनांची सूत्रं. या पद्धतींची यादी पुन्हा द्यायची गरज नाही. त्यांच्या क्रमाबद्दल मात्र बोलायला हवं, कारण अपुरी उत्तरं बहुतेक वेळा क्रम चुकल्याने येतात.

२य² + १०य + १२ घ्या. मधल्या पदाची फोड ४य + ६य अशी केली तर (२य + ६)(य + २) असं उत्तर मिळतं. ताळा पटतो. पण २य + ६ मध्ये २ हा सामाईक अवयव तसाच राहिला आहे. पूर्ण उत्तर २(य + ३)(य + २). सुरुवातीलाच २ बाहेर काढला असता तर आत य² + ५य + ६ एवढी सुटसुटीत राशी उरली असती आणि चुकायला जागाच राहिली नसती. सामाईक अवयव सर्वांत आधी काढायचा, हा नियम मुलं पाठ करतात आणि घाईत विसरतात. तो शिस्तीसाठी केलेला नियम नाही. राशी लहान झाली की तिचं खरं रूप दिसतं, म्हणून तो आहे.

याहून बोलकं उदाहरण य⁶ − १ चं. ही दोन वर्गांची वजाबाकी आहे आणि दोन घनांचीही. वर्गांच्या वाटेने गेलात तर (य³ − १)(य³ + १), आणि मग घनांची सूत्रं वापरून

(य − १)(य² + य + १)(य + १)(य² − य + १)

असे चार अवयव मिळतात. घनांच्या वाटेने सुरुवात केलीत तर आधी (य² − १)(य⁴ + य² + १), आणि मग (य − १)(य + १)(य⁴ + य² + १). इथे चांगली चांगली मुलं थांबतात. य² ला म मानून म² + म + १ लिहितात, विवेचक −३ येतो, आणि आता काही फुटत नाही असा निर्वाळा देतात. एका राशीचे कुणाला चार अवयव मिळाले आणि कुणाला तीन. दोघांचाही ताळा पटतो. मग खरं कोण?

इथे एक प्रमेय मदतीला येतं. पूर्णांकांचे मूळ अवयव जसे एकाच तऱ्हेने पडतात, तसेच परिमेय सहगुणकांच्या बहुपदीचेही पूर्ण अवयव एकाच तऱ्हेने पडतात. क्रम बदलेल, एखादा स्थिर अंक या कंसातून त्या कंसात जाईल, पण कंस तेच. त्यामुळे दोघांची उत्तरं खरोखर वेगळी असतील तर निदान एकाचं काम अपुरं आहे, हे नक्की. आणि तसं ते आहेच:

य⁴ + य² + १ = (य² + १)² − य² = (य² + य + १)(य² − य + १)

विवेचकाची कसोटी चुकीची नव्हती, ती अपुरी होती. य² चे पूर्ण गट करून ही राशी फुटत नाही एवढंच त्या कसोटीने सांगितलं. पहिल्या घाताचं य वापरून ती फुटते का, हे तिला विचारलंच नव्हतं.

या ओळीत वापरलेली युक्ती जरा निवांत पाहण्यासारखी आहे. एक पद मिळवायचं, तेच वजा करायचं, म्हणजे पूर्ण वर्ग तयार होतो आणि त्यातून दुसरा वर्ग वजा झालेला दिसतो. तिचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सोफी जर्मेन या फ्रेंच गणितज्ञ स्त्रीच्या नावाने ओळखलं जातं. १७७६ ते १८३१ हा तिचा काळ. य⁴ + ४ ही बेरीज आहे, आणि बेरजेचे अवयव पडत नाहीत असं आपण धरून चालतो. पण ४य² मिळवून वजा केले की

य⁴ + ४ = (य² + २)² − (२य)² = (य² + २य + २)(य² − २य + २)

हे डोळ्यांसमोर येतं. एवढ्यावरून संख्यांबद्दलचं एक विधान फुकट मिळतं: १ सोडून कोणत्याही नैसर्गिक संख्येच्या चौथ्या घातात ४ मिळवले तर येणारी संख्या मूळ संख्या कधीच नसते. ५ चा चौथा घात ६२५, त्यात ४ मिळवून ६२९, आणि ६२९ म्हणजे ३७ × १७. दहाचा घ्या, १०००४ म्हणजे १२२ × ८२. लाख वेळा करून पाहिलं तरी हेच होणार, आणि का होणार ते एका ओळीत सिद्ध झालेलं आहे.

हीच युक्ती आपल्याकडे जर्मेनच्या सहाशेहून अधिक वर्षं आधी, याहून अवघड ठिकाणी वापरलेली आहे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. ‘बीजगणित’ हा त्याचाच भाग. चाळीसगावजवळच्या पाटण इथला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख त्यांच्या घराण्याची माहिती देतो. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केल्याची ती नोंद आहे. या ‘बीजगणिता’त अज्ञात राशीला यावत्तावत् म्हटलं जातं आणि थोडक्यात ‘या’ लिहिलं जातं. मीही या लेखात म्हणूनच य वापरतो आहे.

त्यांचं एक उदाहरण असं: राशीचा वर्ग आणि राशीची दोनशेपट यांची बेरीज करा, ती दुप्पट करून राशीच्या चौथ्या घातातून वजा करा, तर दहा हजाराला एक कमी उरतो. राशी कोणती? आपल्या लिपीत,

य⁴ − २य² − ४००य = ९९९९

चौथ्या कोटीच्या समीकरणाची सर्वसाधारण रीत युरोपात सोळाव्या शतकात सापडली. भास्कराचार्यांच्या हाती ती नव्हती. त्यांनी दोन्ही बाजूंना ४००य + १ मिळवण्याचा विचार मांडला. डाव्या बाजूला (य² − १)² हा पूर्ण वर्ग झाला, पण उजवीकडे ४००य + १०००० राहिले, त्याचं वर्गमूळ निघत नाही. ही वाट अडली. मग त्यांनी दोन्ही बाजूंना ४य² + ४००य + १ मिळवले. आता

(य² + १)² = (२य + १००)²

दोन्ही बाजूंना पूर्ण वर्ग. वर्गमूळ घेतलं की य² + १ = २य + १००, आणि त्यातून राशी ११. कोणते पद मिळवावे याचा ठरीव नियम नाही, ते बुद्धीने शोधावे, असा त्यांचा भर आहे. मला हे उदाहरण साऱ्या ‘बीजगणिता’त अतिशय सुंदर वाटतं, कारण त्यात फसलेली वाटही दाखवली आहे.

भास्कराचार्यांना समीकरणाचं उत्तर हवं होतं, अवयव पाडणं हा त्यांचा हेतू नव्हता. पण त्यांची ओळ आपण अवयवांच्या भाषेत वाचू शकतो:

य⁴ − २य² − ४००य − ९९९९ = (य² + २य + १०१)(य² − २य − ९९) = (य² + २य + १०१)(य − ११)(य + ९)

शेवटी उरलेला य² + २य + १०१ हा कंस पाहा. त्याचा विवेचक ४ − ४०४, म्हणजे −४००. तो वास्तव संख्यांत फुटणार नाही. इथे मात्र विवेचकाचा कौल निर्णायक आहे, कारण दुसऱ्या कोटीची राशी फुटली तर पहिल्या कोटीच्या दोन तुकड्यांतच फुटू शकते. तिसरा प्रकार नाही.

हा विचार थोडा पुढे नेला की शालेय पातळीवर ‘संपलं’ म्हणायचा अधिकार कधी मिळतो ते नेमकं सांगता येतं. पहिल्या कोटीचा कंस संपलेलाच असतो. दुसऱ्या कोटीच्या, पूर्णांक सहगुणकांच्या कंसाचा विवेचक पूर्ण वर्ग नसेल तर परिमेय संख्यांत तो संपला. तिसऱ्या कोटीची राशी फुटली तर तिचा एक तरी तुकडा पहिल्या कोटीचा असलाच पाहिजे, म्हणून तिला परिमेय मूळ आहे का एवढंच तपासायचं. आणि ते तपासायला आंधळेपणाने आकडे घालत बसावं लागत नाही. मूळ अपूर्णांकात असेल तर त्याचा अंश स्थिर पदाला भागतो आणि छेद पहिल्या सहगुणकाला.

२य³ − ३य² − ११य + ६ मध्ये अंश १, २, ३, ६ पैकी, छेद १ किंवा २. चिन्हं धरून एकूण बारा उमेदवार. ३ घालून पाहा: ५४ − २७ − ३३ + ६ = ०. अवयव सिद्धांताने य − ३ हा अवयव मिळाला, संश्लेषक भागाकाराने २य² + ३य − २ उरला, आणि त्याचे (२य − १)(य + २). बारांपैकी एकही उमेदवार लागू पडला नसता, तर ही राशी परिमेय संख्यांत फुटत नाही हे सिद्ध झालं असतं. ‘मला जमलं नाही’ आणि ‘होऊच शकत नाही’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते बारा आकडे तपासून पार होतं. पुस्तकात एवढी मोलाची गोष्ट दोन ओळींत उरकली जाते याचं मला वाईट वाटतं.

चौथ्या कोटीपासून पुढे मात्र मुळांवर विसंबता येत नाही. य⁴ + ४ ला परिमेय सोडाच, वास्तव मूळही नाही, तरी ती राशी फुटते. मूळ नाही म्हणजे अवयव नाहीत, हा गैरसमज पदवीच्या वर्गांतही भेटतो. तो दूर करायला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

आता य² + ४ कडे परत येऊ. तो फुटत नाही हे आपण कोणत्या संख्यांच्या जगात म्हणतो आहोत? य² − २ परिमेय संख्यांत फुटत नाही, पण वास्तव संख्यांत (य + √२)(य − √२) असा सहज फुटतो. य² + ४ वास्तव संख्यांतही टिकतो, पण संमिश्र संख्या घेतल्या की (य + २√−१)(य − २√−१) होतो. राशी तीच, फक्त सहगुणक कुठून घ्यायला परवानगी आहे ते बदललं. ते सांगितल्याशिवाय ‘पूर्ण’ या शब्दाला अर्थच येत नाही.

हे लक्षात यायला गणितज्ञांनाही वेळ लागला. १७०२ मध्ये लायब्निझने छापील लेखात असं मत मांडलं की य⁴ + अ⁴ या राशीचे वास्तव सहगुणकांचे दुसऱ्या कोटीचे अवयव पडत नाहीत. प्रश्न त्याच्या दृष्टीने गंभीर होता. अशी राशी छेदात असताना संकलन करायचं तर छेदाचे वास्तव अवयव हवेत. ते नसतील तर संकलनासाठी नव्या प्रकारची फलं आणावी लागतील. कलनशास्त्राच्या दोन जनकांपैकी हा एक, आणि तो चुकला. उत्तर त्याच युक्तीने मिळतं:

य⁴ + १ = (य² + १)² − (√२य)² = (य² + √२य + १)(य² − √२य + १)

भास्कराचार्यांनी साडेपाचशे वर्षांपूर्वी वापरलेली चाल, फक्त √२ ला परवानगी दिलेली. पुढे निकोलस बर्नुलीने य⁴ − ४य³ + २य² + ४य + ४ ही राशी पुढे केली आणि हिचे तरी वास्तव अवयव पडणार नाहीत असं म्हटलं. १७४२ च्या पत्रव्यवहारात ऑयलरने तिचे अवयव दाखवले. त्याच्या उत्तरात ४ + २√७ चं वर्गमूळ आहे, त्यामुळे ते बघायला भीतिदायक दिसतं. पण य च्या जागी र + १ लिहून पाहा. राशी र⁴ − ४र² + ७ एवढी साधी होते, आणि मग

र⁴ − ४र² + ७ = (र² + √७)² − (४ + २√७)र²

पुन्हा दोन वर्गांची वजाबाकी. कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा स्वतः करून पाहाच.

या साऱ्या वादावर १७९९ मध्ये पडदा पडायला लागला. बावीस वर्षांच्या गाऊसने हेल्मश्टेट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधाचा विषय हाच होता: वास्तव सहगुणकांची प्रत्येक बहुपदी पहिल्या आणि दुसऱ्या कोटीच्या वास्तव अवयवांत फुटते. त्याच्या सिद्धतेत एक फट राहिली होती, ती ऑस्ट्रॉव्स्कीने १९२० मध्ये भरून काढली. बीजगणिताचं मूलभूत प्रमेय ते हेच. आज ते मुळांच्या भाषेत शिकवलं जातं, पण जन्मतः ते अवयवांचं प्रमेय होतं. त्याने वास्तव संख्यांपुरता आपला प्रश्न मिटवला. वास्तव जगात दुसऱ्या कोटीहून मोठा कंस उरला असेल तर काम बाकी आहे. संमिश्र जगात पहिल्या कोटीहून मोठा एकही उरता कामा नये.

अर्थात, अवयव आहेत हे कळणं आणि ते लिहून दाखवता येणं यांत फरक आहे. य⁵ − ६य + ३ चे पाच पहिल्या कोटीचे संमिश्र अवयव आहेत, पण बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि मूळचिन्हं एवढ्या साधनांनी ते लिहिता येत नाहीत. पाचव्या कोटीसाठी सर्वसाधारण सूत्र असू शकत नाही, हे आबेलने १८२४ मध्ये दाखवलं होतं.

परिमेय संख्यांच्या जगात तर कोटीची मर्यादाच नाही. तिथे शंभराव्या कोटीची राशीही अभंग असू शकते. य¹⁰⁰ − २ तशीच आहे. हे ओळखायची एक देखणी कसोटी श्योनेमानने १८४६ मध्ये आणि आयझेनश्टाइनने १८५० मध्ये दिली. एखादी मूळ संख्या पहिला सोडून बाकी सगळ्या सहगुणकांना भागत असेल, पण तिचा वर्ग स्थिर पदाला भागत नसेल, तर राशी परिमेय संख्यांत फुटत नाही. वरच्या य⁵ − ६य + ३ ला ३ ही संख्या लावा, निकाल लगेच लागतो. मात्र ही कसोटी एकेरी आहे. ती लागू पडली नाही म्हणजे राशी फुटतेच, असं नाही.

मग कोणतीही राशी दिली तरी ‘संपलं’ किंवा ‘नाही संपलं’ असा खात्रीचा निकाल देणारी रीत आहे का? आहे. १८८२ मध्ये क्रोनेकरने मांडलेली रीत समजायला सोपी आहे. य⁴ + ४ चा दुसऱ्या कोटीचा पूर्णांक सहगुणकांचा अवयव असेल, तर य ला कोणतीही पूर्णांक किंमत दिली तरी अवयवाची किंमत राशीच्या किमतीला भागलीच पाहिजे. य = ० ला राशीची किंमत ४, य = १ आणि य = −१ ला ५. चारचे विभाजक चिन्हांसह सहा, पाचचे चार. म्हणजे अवयवाच्या तीन किमतींच्या सहा गुणिले चार गुणिले चार, ९६ जोडण्या. तीन किमती ठरल्या की दुसऱ्या कोटीची राशी ठरते. प्रत्येक जोडणीची राशी काढायची आणि भाग जातो का पाहायचं. २, ५, १ या जोडणीतून य² + २य + २ बाहेर येतो. ९६ पैकी एकही चालली नसती तर नकार सिद्ध झाला असता. पूर्णांकच का तपासायचे, अपूर्णांक का नाहीत, याचं उत्तर गाऊसने १८०१ मध्येच दिलेलं आहे: पूर्णांक सहगुणकांची राशी परिमेय संख्यांत फुटत असेल तर ती पूर्णांकांतही फुटते.

मोठ्या राशींना क्रोनेकरची रीत फार वेळ घेते. संगणक दुसऱ्या वाटेने जातो. १९६७ मध्ये बर्लेकँपने एका मूळ संख्येने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या जगात अवयव पाडायची जलद रीत दिली. त्या छोट्या जगातले तुकडे जोडून पूर्णांकांतले अवयव शोधता येतात. पण तिथे एक सापळा आहे. य⁴ + १ पूर्णांकांत फुटत नाही, आणि तरीही ती प्रत्येक मूळ संख्येच्या बाक्यांच्या जगात फुटते. पाचाच्या जगात पाहा: (य² + २)(य² + ३) म्हणजे य⁴ + ५य² + ६, आणि पाचाने भागल्यावर तेच य⁴ + १. अशा राशींसाठी संगणकाला तुकड्यांच्या असंख्य जोडण्या तपासाव्या लागत. १९८२ मध्ये आर्येन लेन्स्ट्रा, हेन्ड्रिक लेन्स्ट्रा आणि लास्लो लोवास यांनी ही अडचणही दूर केली. राशी कितीही वाढली तरी लागणारा वेळ आटोक्यात राहील, अशी रीत त्यांनी सिद्ध करून दाखवली. याउलट मोठ्या पूर्णांकाचे मूळ अवयव काढायची तशी जलद रीत आजच्या संगणकांसाठी कुणालाही सापडलेली नाही. गुप्त संदेशांच्या आरएसए पद्धतीची सुरक्षितता त्याच अडचणीवर उभी आहे. पाचवीतला अवयवांचा प्रश्न अजून अवघड आणि नववीतला सुटलेला, असा हा उलटा प्रकार आहे.

बाक्यांचं हे जग नुसतं कागदावरचं नाही. दोनाच्या जगात, जिथे ० आणि १ एवढेच अंक आहेत आणि १ + १ = ०, तिथे य⁷ − १ चे (य + १)(य³ + य + १)(य³ + य² + १) असे तीन अवयव पडतात. पूर्णांकांत त्याच राशीचे दोनच पडतात. त्या तिसऱ्या कोटीच्या तुकड्यांपैकी एकापासून हॅमिंगचा चुका दुरुस्त करणारा संकेत तयार होतो. सात अंकांचा संदेश पाठवताना एक अंक बिघडला तर कोणता बिघडला ते त्यातून कळतं.

शिक्षकांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती आहे. ‘पूर्ण अवयव पाडा’ असं लिहाल तेव्हा सहगुणक पूर्णांक हवेत, परिमेय हवेत की वास्तव, हे त्याच ओळीत लिहा. आणि एखाद्या विद्यार्थ्याने उत्तराखाली ‘य² + ४ चा विवेचक −१६, म्हणून वास्तव संख्यांत फुटत नाही’ असं कारण दिलं असेल, तर त्या ओळीला स्वतंत्र गुण द्या.